रिकिबीतला पाय आणि चाळीस फुटांची पासोडी

काही वर्षांमागे केज तालुक्यातल्या एका खेड्यात नामसप्ताहाच्या निमित्ताने मला व्याख्यानाला बोलावले होते. मराठवाड्यातले संतवाङ्मय हा विषय होता. व्याख्यान झाले, पंगत उठली आणि मी एस. टी. ची वाट पाहत पारावर बसलो. तेवढ्यात एक वृद्ध शेतकरी जवळ येऊन बसले. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, एक इचारू का? राग तर येणार न्हाई?"

"विचारा की आबा," मी म्हणालो.

"बारा वर्सं झाली माळ घालून. रोज पहाटे उठतो, तोंड धुतो, डोळे मिटून बसतो. पर डोळे मिटले की सगळं रान आत येतंय बगा. बैलाचं खूर, सोसायटीचं कर्ज, ऊसतोडीला गेलेली लेकरं. नाव देवाचं आन् मन भलतीकडंच. तुमच्या अंबाजोगाईच्या मुकुंदराजानं राजाला म्हणं एका चाबकात समाधी लावली. मला बारा वर्सांत घटकाभर बी न्हाई. आपला पिंडच खोटा, असं वाटलं. गेल्या आखाडीपास्नं बसणंच सोडलं."

एवढ्यात एस. टी. आली. गडबडीत मी काहीतरी दोन शब्द बोललो आणि गाडीत चढलो. पण वाटभर मनाला चुटपूट लागून राहिली. त्या माणसाने शेती सोडली नव्हती, कर्ज बुडवले नव्हते, लेकरांना टाकले नव्हते. सोडली होती ती एकच गोष्ट, आणि तीही एका ऐकीव गोष्टीशी स्वतःला ताडून पाहून. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने अशा वेळी काहीतरी सांगायला हवे होते. ते त्या दिवशी राहून गेले. आजचे हे भाषण त्या आबांचे देणे फेडण्यासाठी आहे, असे समजा.

प्रश्न तसा एकट्या आबांचा नाही. शाळेत प्रार्थनेनंतर दोन मिनिटे डोळे मिटून शांत बसायला लावणारे शिक्षक आज हे भाषण ऐकत असतील. मुलांची चुळबूळ पाहून त्यांनाही वाटत असेल की, या पोरांची मने जाग्यावर येणार तरी कधी! आणि खरे सांगायचे तर, मुलांकडे पाहणाऱ्या गुरुजींचे मन तरी त्या दोन मिनिटांत कोठे जाग्यावर असते?

तेव्हा आपण आधी अंबाजोगाईला जाऊ. बीड जिल्ह्याच्या पूर्व भागात, बालाघाटच्या डोंगरावर हे गाव आहे. योगेश्वरीचे ठिकाण म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. निजामाच्या राजवटीत त्याला मोमिनाबाद म्हणत. गावाबाहेर डोंगराच्या कड्याला मुकुंदराजांची समाधी आहे, आणि याच गावात दासोपंतांचीही समाधी आहे. दोघांच्यामध्ये जवळजवळ चारशे वर्षांचे अंतर. दोघांचाही विषय मात्र एकच होता: माणसाचे मन आणि त्याच्या पलीकडचे जे काही असेल ते.

मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा ग्रंथ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मधला, असे त्याच्या अखेरीस नोंदलेल्या शकावरून मानतात. हा शक धरला तर ज्ञानेश्वरीच्या आधी शंभर वर्षे हा ग्रंथ झाला, आणि म्हणून मुकुंदराजांना मराठीचे आद्यकवी म्हणण्याची रूढी पडली. यावर पंडितांत वाद आहेत, तेही सांगितले पाहिजेत. आज मिळणाऱ्या पोथ्यांतली भाषा इतकी जुनी वाटत नाही, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. ग्रंथात आलेले अंबानगर म्हणजे आपली अंबाजोगाई नसून विदर्भातले वैनगंगेकाठचे आंभोरे होय, असे मानणारेही आहेत. राजाविषयीही मतभेद आहे. ज्याच्यासाठी हा ग्रंथ झाला तो जयंतपाळ हा बल्लाळाचा पुत्र, असे ग्रंथ सांगतो. देवगिरीचा यादव राजा जैत्रपाळ हा तर भिल्लमाचा मुलगा, आणि तो गादीवर आला ११९१ च्या सुमारास. म्हणून हे दोघे एक की दोन, हा प्रश्न सुटलेला नाही.

हा वाद आज आपल्याला सोडवायचा नाही. पण एवढे ध्यानात ठेवा की, ग्रंथ एका राजासाठी लिहिला गेला, हे खुद्द ग्रंथातच आहे. आता लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट पाहू.

गोष्ट अशी सांगतात. राजा जैतपाळाला ब्रह्म पाहण्याचा ध्यास लागला. पण सवड कोणाला? त्याने हुकूम सोडला की, मी घोड्यावर चढायला एक पाय रिकिबीत घालतो. दुसरा पाय पलीकडच्या रिकिबीत पडायच्या आत मला ब्रह्म दाखवा. जे जे शास्त्री, साधू आले त्यांना ते जमेना. राजाने त्यांना अडकवून ठेवले आणि खोदकामाला जुंपले. शेवटी मुकुंदराज आले. त्यांनी आधी सगळ्यांना मोकळे करायला लावले. मग राजाने रिकिबीत पाय घातला, तोच मुकुंदराजांनी त्याच्यावर चाबूक ओढला आणि राजाला तिथल्या तिथे समाधी लागली. गोष्ट सांगण्याच्या तऱ्हा गावोगाव थोड्या वेगळ्या आहेत. पण रिकीब आणि चाबूक सगळीकडे आहेत.

गोष्ट मोठी रसाळ आहे. कीर्तनकार ती रंगवून सांगतात आणि श्रोते डोलतात. तिच्यात एक शहाणपणही आहे. घोड्यावर चढता चढता देव मागणाऱ्या घाईला तिथे चाबूक बसतो! राजाने वेळ मागून घेतला नव्हता, वेळ बांधून दिला होता. त्याचे उत्तर त्याला पाठीवर मिळाले.

पण इतिहासाचा विद्यार्थी गोष्ट ऐकून थांबत नाही, तो कागद मागतो. इथे कागद म्हणजे खुद्द 'विवेकसिंधु'. त्याचे पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे दोन भाग आहेत, आणि दोन्ही मिळून अठरा प्रकरणे. आचार्यांच्या अद्वैत वेदान्ताचा आधार घेऊन, त्याला नाथपंथी योगाची जोड देऊन, मऱ्हाटी बोलीत एकेक गोष्ट उलगडून सांगितली आहे. जग कसे झाले, देह कसा झाला, 'मी' म्हणतो तो नेमका कोण, गुरूने काय सांगायचे, शिष्याने काय पारखून घ्यायचे, असा तो क्रम. एवढ्यावर न थांबता 'परमामृत' नावाचा दुसरा लहान ग्रंथही त्यांच्या नावावर आहे.

आता मी आपल्याला एक साधा सवाल विचारतो. एका चाबकाने काम झाले असते, तर त्याच राजासाठी अठरा प्रकरणे लिहिण्याचे कारण काय होते?

इथे गोष्ट आणि ग्रंथ यांचा निकाल लागतो. गोष्टीतला राजा एका क्षणात मोकळा झाला. ग्रंथातला राजा मात्र आपल्यासारखाच असला पाहिजे. त्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागले, दृष्टान्त द्यावे लागले, मागचे आठवून द्यावे लागले. मला तरी वाटते की, मुकुंदराजांचे खरे मोठेपण त्या चाबकात नाही, ते या चिकाटीत आहे. आणि केजकडच्या आबांनी स्वतःला ताडून पाहिले ते चुकीच्या राजाशी. गोष्टीतल्या राजाशी न ताडता ग्रंथातल्या राजाशी ताडले असते, तर त्यांनी बसणे सोडले नसते.

आता मन पळते त्याबद्दल जुने लोक काय म्हणत, ते जरा क्रमाने पाहू. कारण आबांना वाटत होते की, हा दोष आपल्या एकट्याचा. खरे पाहता ही तक्रार आपल्या वाङ्मयातली सर्वांत जुन्या तक्रारींपैकी एक आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनच ती करतो. मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरत नाही, असे तो श्रीकृष्णाला तोंडावर सांगतो. ध्यान द्या, हा अर्जुन म्हणजे कोणी आळशी शिष्य नव्हे. नेम धरला की त्याला पक्ष्याचा डोळाच दिसे, अशी त्याची ख्याती. त्याचेही मन पळते! आणि भगवंत त्याला खोटे पाडत नाहीत. मन आवरायला कठीण आहे हे मान्य करून ते दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. पतंजलीच्या योगसूत्रांतही हेच दोन उपाय आले आहेत.

वेदान्ताच्या ग्रंथांत ध्यानाच्या आड येणाऱ्या चार गोष्टी नावनिशीवार दिल्या आहेत. लय, विक्षेप, कषाय आणि रसास्वाद. लय म्हणजे झोप लागणे, डुलकी. विक्षेप म्हणजे मन भरकटणे. कषाय म्हणजे आत जुन्या वासनांचा गाळ साचून मन बधिर होणे. रसास्वाद म्हणजे जरा बरे वाटले की तेवढ्यावरच खूश होऊन अडकून पडणे. ज्या रोगाला नाव पडले तो रोग पुष्कळांना झालेला असतो. एकट्यादुकट्याच्या खोडीला शास्त्रात नाव मिळत नाही. गौडपादाचार्यांनी तर मनाचा निग्रह म्हणजे दर्भाच्या टोकाने थेंबथेंब करून समुद्र उपसण्यासारखे आहे, असे म्हटले. एवढा खेद न मानता काम करावे, असा त्याचा अर्थ. समुद्र आज संध्याकाळपर्यंत कोरडा व्हावा, असे कोणी सांगितलेले नाही.

मुकुंदराजांनंतर, रूढ शक धरला तर, शंभर वर्षांनी बीडच्या शेजारच्या मुलुखात, प्रवरेकाठी नेवाशाला ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवर टीका सांगितली. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. सहाव्या अध्यायात हाच प्रसंग आला, तेव्हा महाराजांनी जे सांगितले ते शेतकऱ्याला चटकन पटण्यासारखे आहे. त्यांचा आशय मी माझ्या शब्दांत सांगतो. बसण्याचा एक नेम जिवाभावाने धरावा. एवढ्याने मन स्थिरावले तर काम झालेच. नाही स्थिरावले, तर त्याला मोकळे सोडावे. ते जाईल तिकडे जाऊ द्यावे. तुमचा नेमच त्याला तिथून परत घेऊन येईल, आणि असे करता करता त्याला थांबायची सवय लागेल.

श्रोतेहो, मोकळे सोडावे, हा शब्द नीट ऐका. मनाला मारावे, कोंडावे, त्याच्यावर दात-ओठ खावेत, असे इथे नाही. द्वाड बैल पाहिला आहे ना आपण? नवा गोऱ्हा दाव्याला बांधला की तो हिसडे देतो. सोडला की शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरतो. म्हणून कोणी शहाणा शेतकरी त्याचे पाय तोडत नाही, की "हा बैल माझ्या नशिबातच नाही" म्हणून गोठा पाडत नाही. तो ज्वारीतून वळवून आणतो, दावणीला आणतो, पुढ्यात वैरण टाकतो. उद्या पुन्हा शिरला, तर पुन्हा आणतो. महिना-दोन महिन्यांनी तोच बैल संध्याकाळी आपल्या पायांनी दावणीला येऊन उभा राहतो. वळवून आणणे हेच तिथले काम आहे. बैल पळाला म्हणजे काम बिघडले असे नव्हे. बैल पळाला म्हणजे कामाची वेळ झाली.

ज्ञानेश्वरीत याच्याच पुढे मनाचा एक गुणही सांगितला आहे. मनाला एकदा जिथली गोडी कळते, तिथे ते सोकावते. हीच त्याची खोड, आणि हाच उपायही. वैरण चांगली असेल तर बैल दावणीला येतो. म्हणून बसण्याला थोडी गोडी पाहिजे. ज्याला नाम आवडते त्याने नाम घ्यावे, ज्याला श्वासाकडे पाहणे जमते त्याने ते पाहावे, ज्याला एखादा अभंग मनात घोळवायला आवडतो त्याने तो घोळवावा. कडू औषधासारखे बसले तर मन पळणारच.

आता पुन्हा अंबाजोगाईला येऊ. या वेळी सोळाव्या शतकात. दासोपंतांचा जन्म इसवी सन १५५१ मधला, बीदरच्या बाजूच्या नारायणपेठेचा. वडील दिगंबरपंत देशपांडे. पैठणचे एकनाथ महाराज, बीडचे जनीजनार्दन हे त्यांचे समकालीन. या मंडळींना मिळून पंचक म्हणण्याची चाल आहे. दासोपंतांच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात. साऱ्याची रक्कम भरता आली नाही म्हणून बीदरच्या दरबाराने या पोराला ओलीस ठेवले. मुदतीत पैसा आला नाही तर धर्म बदलावा लागेल, अशी तंबी होती. पोराने दत्ताचा धावा केला आणि दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी माणूस येऊन पैसे भरून गेला. ही आख्यायिका आहे, पण तिच्यातला सारा आणि तिच्यातली भीती मराठवाड्याच्या माणसाला परकी नाही. आबांच्या सोसायटीच्या कर्जाचीच ती जुनी आवृत्ती म्हणा ना.

पुढे काय झाले, ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. असा साक्षात्कार पदरी पडल्यावर दासोपंत घरी बसून राहिले नाहीत. त्यांनी घर सोडले, माहूरला जाऊन बारा वर्षे तप केले, असे परंपरा सांगते. मग गोदावरीकाठी राक्षसभुवनला आले. तेही आपल्याच जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यातले ठिकाण. अखेर अंबाजोगाईला स्थिरावले. तिथे त्यांनी लिहायला घेतले ते थांबले नाहीत. त्यांचा 'गीतार्णव' हा गीतेवरचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. शाईला रोज एक ढब्बू पैसा लागे, अशी आठवण अजून सांगितली जाते. १६१५ च्या सुमारास त्यांनी देह ठेवला. बारा वर्षांचे तप आणि मग जन्मभराची लेखणी, हा झाला साक्षात्कारानंतरचा हिशेब! आबांची बारा वर्षे त्या मानाने फुकट गेली, असे कोण म्हणेल?

आणि दासोपंतांची पासोडी. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाड कापड. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हे प्रकरण ओव्यांत लिहून काढले. अंबाजोगाईला दासोपंतांच्या घराण्यात ती जपली गेली. कागदावर लिहिलेले पान उलटले की मागचे दिसेनासे होते. कापड पसरले की सगळे एकदम डोळ्यांपुढे येते. शिक्षक मंडळी भिंतीवर नकाशा लावतात, तसाच हा माणसाच्या देह-मनाचा नकाशा म्हणता येईल.

पंचीकरण म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश ही पाच भूते. माणसात जे जे काही आहे ते या पाचांत वाटून दाखवायचे. आपल्याकडे प्रचलित असलेल्या मांडणीत हाड, मांस, कातडी ही पृथ्वीकडे जातात. घाम आणि लाळ आपाकडे. भूक, तहान, आळस, झोप ही तेजाकडे. हालचाल, वळणे, आखडणे ही वायूकडे. काम, क्रोध, शोक, मोह, भय ही आकाशाकडे. असे सगळे वाटून झाले की विचारायचे: मग 'मी' कोठे राहिला? जो हे सारे पाहतो तो या यादीत नाही. तो पाहणारा आहे. ही सगळी दिसणारी आहेत.

हे ऐकायला शुष्क वाटते खरे. पण डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या हाती ही यादी द्या, आणि काय होते ते पाहा. पोटात कावळे ओरडू लागले. ही भूक, ही तेजाची. डुलकी आली, ही झोप, तीही तेजाची. कर्जाची आठवण येऊन छातीत धस्स झाले. हे भय, हे आकाशाचे. लेकरांची आठवण येऊन डोळे भरले, हा शोक. ज्याचे त्याचे नाव घेतले, ज्याच्या त्याच्या घरी पाठवले, आणि आपण पुन्हा नामावर आलो. ग्रंथ काय म्हणतो आणि मी त्याचा उपयोग कसा सुचवतो, यांत फरक आहे, हे मी कबूल करतो. पण नाव घेतले की विचाराचा जोर कमी होतो, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा. अंधारात खसफस झाली की साप वाटतो. कंदील आणून "अरे, ही तर घूस" असे म्हटले की छाती ठिकाणावर येते. घूस जात नाही लगेच, पण भीती जाते.

मनाशी वागण्याच्या आणखी दोन तऱ्हा आपल्याच मुलुखाच्या आसपास दिसतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांचे मूळ बीड जिल्ह्यातले सांगितले जाते, त्यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला. नावातच लढाई आहे. आतल्या विकारांशी साधकाची झुंज, ही त्यांची कल्पना. आणि जालना जिल्ह्यातल्या जांबेला १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास यांनी 'मनाच्या श्लोकां'त मनाला सज्जन म्हणून हाक मारली. दोनशे पाच श्लोकांत ते मनाची समजूत घालतात, जसा वडील माणूस घरातल्या तरण्या पोराची घालतो. एकाने लढायला सांगितले, दुसऱ्याने समजवायला. पण दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली की, मन हे ऐकणारे आहे आणि काम लांबचे आहे. लढाई एका दिवसात जिंकता आली असती तर त्यासाठी एवढा ग्रंथ कशाला?

आता आजच्या शास्त्राकडेही पाहू, कारण श्रोत्यांत विज्ञानाचे शिक्षकही असतील. २००१ साली अमेरिकेतील मार्कस राइक्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, माणूस काही काम करीत नसतो तेव्हाही मेंदूचे काही भाग ठराविक रीतीने कामात असतात. पुढे इतर संशोधनातून असे दिसले की, मागच्या आठवणी, पुढची चिंता, स्वतःविषयीचे विचार यांचा या भागांशी संबंध आहे. म्हणजे रिकामे बसले की रान आत येते, हा आबांच्या पिंडाचा दोष नव्हे. मेंदूची ती रीतच आहे. २०१० साली हार्वर्ड विद्यापीठातील दोघा संशोधकांनी सुमारे सव्वादोन हजार माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवरून विचारले, "आता तुमचे मन हातातल्या कामात आहे का?" सुमारे ४७ टक्के वेळा उत्तर आले की, मन दुसरीकडे होते. जवळजवळ निम्मा वेळ! आणि ही माणसे ध्यानाला बसलेली नव्हती, आपापल्या रोजच्या व्यवहारात होती. त्यांना असेही आढळले की, मन भरकटलेले असताना माणसे तितकी सुखी नसतात. अर्जुनाची तक्रार आणि हा आकडा यांत मला फारसे अंतर दिसत नाही.

तेव्हा या सगळ्यातून हाती काय आले, ते सांगून मी पुरे करतो. जुन्या लोकांनी हे काम वर्षांच्या मापाने मोजले, घटकांच्या मापाने नव्हे. मन पळणे त्यांनी गृहीत धरले. त्याला नावे दिली, उपाय लिहिले. आणि त्यांनी मोल दिले ते परत येण्याला. समजा, आबा अर्धा तास बसले आणि त्यात मन तीस वेळा पळाले. त्यांना वाटते, तीस वेळा हरलो. मी म्हणतो, मन पळाले हे तीस वेळा ध्यानात आले आणि ते तीस वेळा परतले. शेतात खुरपणी करताना बाई मागे वळून "केवढे हे तण!" म्हणून रडत बसत नाही. पुढचे तण उपटते. हराळी पुन्हा उगवणार हे तिला ठाऊक असते, म्हणून ती खुरपे विहिरीत टाकत नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलांना "मन रिकामे करा" असे सांगू नका. रिकामे कोणाचेच होत नाही, आणि मग मूल एकतर खोटे बोलायला शिकते किंवा स्वतःला नालायक समजायला लागते. मी लहान असताना आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर "कोणाच्या मनात काही आले?" असे विचारीत. हात वर करणाऱ्याला उभे करीत. दोन दिवसांत सगळा वर्ग हात खाली ठेवायला शिकला. मीही शिकलो. ध्यानाच्या नावाखाली आम्ही शिकलो ते लबाडी. त्यापेक्षा मुलांना सांगा, "पाच श्वास मोजा. मध्येच चुकलात तर पुन्हा एकपासून." चुकणाऱ्याला उभे करू नका. जो म्हणेल "गुरुजी, मी तिसऱ्यालाच चुकलो," त्याची पाठ थोपटा, कारण चुकलेले त्याच्या ध्यानात आले. अभ्यासात लक्ष लागण्याची सुरुवातही तिथूनच होते.

आणि घरच्या-दारच्या चिंतांविषयी एक सांगायला हवे. कर्जाचा विचार नुसता आकाशाचा म्हणून सोडून देता येत नाही, हे मला समजते. त्यासाठी सोसायटीत जावे लागते, कागद बघावे लागतात, चार माणसांशी बोलावे लागते. बैलाच्या खुराला औषध लावावे लागते. ते काम दिवसा करावे. पहाटेची ती अर्धी घटका मात्र त्या कामाची नव्हे. मुकुंदराज काय, दासोपंत काय, कोणीही आपल्याला संसार खोटा पाडून दाखवण्यासाठी लिहीत नव्हते; संसाराच्या गर्दीत 'मी' म्हणणारा कोण, एवढे तपासायला सांगत होते.

केजकडचे ते आबा आज हे भाषण ऐकत असतील की नाही, मला ठाऊक नाही. ऐकत असतील तर त्यांना एवढेच सांगतो: आबा, चाबकाची गोष्ट कीर्तनात ऐकावी आणि हसावे. बसायला मात्र पासोडीची गोष्ट ध्यानात ठेवावी. चाळीस फूट कापड एका ओळीने भरले नाही. ओळीमागून ओळ लिहिली, तेव्हा भरले. उद्या पहाटे पुन्हा बसा. रान आत येईल. येऊ द्या. ते आले हे ज्याला कळते, तो घरातच आहे.